सकाळी उठल्या उठल्या डोक्यात वाजणाऱ्या गाण्यांची वही कशी ठेवावी

सकाळी जाग येते तेव्हा बऱ्याच जणांच्या डोक्यात गाणं आधीच सुरू असतं. अख्खं गाणं नव्हे. एखादं ध्रुपद, अंतऱ्यातली अर्धी ओळ, नाहीतर नुसता ढोलकीचा तुकडा, आणि तोच फिरून फिरून. तोंड धुऊन चहा घेईस्तोवर तो विरून जातो. दुपारी आठवू म्हटलं तर आठवत नाही. तो तुकडा रोज लिहून ठेवायची वही कशी सुरू करावी, ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी इथं सांगते. मी परभणीकडची, त्यामुळं उदाहरणं आमच्याकडची येतील. पण लातूर, बीड, नांदेड, जालना, तुम्ही कुठंही असा, रीत हीच.

एक नियम आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गाणं जसं आलं तसंच लिहायचं. शब्द चुकीचे आले तर चुकीचेच लिहायचे. पान-मसाल्याच्या जाहिरातीची धून आली तर तीच लिहायची, तिच्या जागी काल ऐकलेला अभंग लिहायचा नाही. आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी कुणालाही दुपारी निवांत बसून करता येते. ही वही त्यासाठी नाही. मागितल्याशिवाय डोक्यानं काय दिलं, त्याची ही नोंद आहे, आणि ती खरी असली तरच दोन-चार महिन्यांनी वाचण्यासारखी होते.

रात्रीची तयारी

शंभर पानी वही आणि शिसपेन्सिल उशाशी ठेवा. बॉलपेन नको, आडवं पडून लिहिताना त्याची शाई खाली उतरत नाही आणि दोन शब्दांत ते कोरडं पडतं. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा माळवदावर झोपत असाल तर वहीला रबर लावून ती उशीखाली घाला, पहाटेचा वारा पानं फडफडवतो.

मोबाइलवर लिहू नका. अक्षर नीट येतं की नाही हा प्रश्न नाही. मोबाइल हातात घेतला की बोट आपोआप स्टेटसवर जातं, तिथं कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ गाण्यासकट सुरू होतो आणि आपलं गाणं गेलंच. दुसरं गाणं कानावर पडण्याआधी पहिलं कागदावर उतरलं पाहिजे.

म्हणूनच गजराला गाणं लावू नये. साधी घंटा ठेवा, जमलं तर नुसतं कंपन. सुट्टीच्या दिवशी गजराशिवाय उठा, त्या दिवशीच्या नोंदी सगळ्यांत भरघोस असतात असा माझा अनुभव आहे.

बाहेरच्या आवाजांवर मात्र आपला ताबा नाही. मारुतीच्या देवळावरचा भोंगा, अजान, दूधवाल्याच्या गाडीवरचा रेडिओ, शेजारच्या घरातला हरिपाठ, यातलं काहीतरी पहाटे कानावर पडणारच. त्याची चिडचिड करू नका, फक्त नोंदीपुढं ‘बाहेर’ असं लिहून काय ऐकू येत होतं ते टाका. डोक्यातलं आणि बाहेरचं एकच निघालं तर ती नोंद वेगळी काढता येते.

झोपताना कानात गाणी लावायची सवय असेल तर तीही लिहून ठेवा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले मायकल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये झोपेच्या प्रयोगशाळेत हेच तपासलं होतं. तरुणांना झोपण्याआधी ओळखीची गाणी ऐकवली, काहींना शब्दांसकट, काहींना नुसत्या वाद्यांवर. वाद्यांवरच्या धुनांनी गाणं डोक्यात अडकायचं प्रमाण जास्त निघालं, आणि अडकलेल्या गाण्यांनी झोपही बिघडवली. झोपायला मदत व्हावी म्हणून बासरी-संतूर लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ओळखीच्या गाण्याची नुसती धून लागली की मन शब्द भरत बसतं.

जाग आल्यावर

डोळे उघडले तरी लगेच उठू नका. अर्धा मिनिट तसंच पडून राहा. ‘कोणतं गाणं आहे?’ असं स्वतःला विचारायचं नाही. विचारलं की मन शोधायला लागतं आणि शोधताना कालची चार गाणी पुढं करतं. नुसतं ऐकायचं. काही असलं तर ते आपणहून पुढं येतं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. नवीन लोक आधी गाण्याचं नाव लिहितात. नाव शेवटी लिहा. सगळ्यांत आधी लिहायचं ते आवाज कुणाचा आहे. डोक्यातलं गाणं नेहमी मूळ गायिकेच्याच आवाजात असतं असं नाही. कधी ते आईच्या आवाजात असतं, कधी शाळेतल्या शंभर पोरांच्या, कधी बॅन्डच्या पिपाणीवर. ‘अरे, हे तर अमुक गाणं’ असं एकदा ओळखलं की मन लगेच रेकॉर्डवरचा आवाज त्यावर चढवतं आणि आधीचा आवाज पुसला जातो. तो परत मिळत नाही.

आवाजानंतर शब्द, जेवढे असतील तेवढे. मधला शब्द गाळलेला असेल तर तिथं रेघ. मग गाण्याचा कोणता भाग: ध्रुपद, अंतरा, मधलं संगीत, की फक्त ठेका. शेवटी नाव, माहीत असेल तर. बस, एवढंच. दोन मिनिटांच्या वर लागत असतील तर तुम्ही जास्त लिहिताय.

माझ्या वहीतली एक नोंद तशीच उतरवते:

‘मंगळवार, आश्विन शुद्ध तृतीया. आवाज गल्लीतल्या बायांचा, त्यात एक किनरा, कुणाचा ते कळलं नाही. शब्द फक्त “अंबा”, बाकी टाळ्या. आरतीचा शेवट, जिथं लय वाढते तिथला. बाहेर काही नाही. — संध्याकाळी: काल मंडपात दोनदा आरती झाली, वीज गेल्यावर दुसऱ्यांदा विनामाईक. डोक्यातली विनामाईकवाली.’

शेवटचं वाक्य बघा. माईकवरची आरती मोठ्यानं झाली होती, तरी सकाळी आली ती टाळ्यांवरची. नुसतं ‘देवीची आरती’ एवढंच लिहिलं असतं तर हे हाती लागलं नसतं.

काही सकाळी डोकं रिकामं असतं. त्या दिवशी तारीख घालून ‘शांत’ लिहा. पान कोरं सोडू नका, कारण नंतर वाचताना शांत दिवस कोणता आणि लिहायचा राहिलेला कोणता ते कळत नाही. गाणं जागं होतानाच न येता चूळ भरताना किंवा दूध तापवताना आलं तरी चालेल, फक्त तसं लिहा.

शब्द नसतील तेव्हा

नुसती चाल आली की लोक गोंधळतात. स्वरज्ञान असलं तर सरगम लिहा, प्रश्न मिटला. नसलं तर चालीची चढ-उतार रेघेनं काढा: स्वर वर गेला की रेघ वर, खाली आला की खाली, लांबवला की आडवी लांब. गावात भजनी मंडळ असेल तर पेटी वाजवणाऱ्या बुवांना ती गुणगुणून दाखवा. बुवा दोन मिनिटांत पट्ट्या दाबून दाखवतात, आणि बहुतेक वेळा कोणत्या अभंगाची चाल आहे तेही सांगतात.

नोंद कागदावर उतरली, की मग मोबाइल घ्यायला हरकत नाही. गूगलवर गुणगुणून गाणं शोधायची सोय ऑक्टोबर 2020 पासून आहे. माईकच्या खुणेवर बोट ठेवून दहा-पंधरा सेकंद गुणगुणायचं. सिनेमाच्या गाण्यांना ती बऱ्यापैकी लागू पडते. गोंधळ, तुळजाभवानीच्या भक्तांची आराधी गाणी, बंजारा तांड्यावरची होळीची लेंगी, जात्यावरची ओवी यांच्यासाठी मात्र माणसालाच विचारावं लागतं.

लय मोजायचीही सवय लावा, मला तरी यात फार गोडी वाटते. डोक्यात चालू आहे त्या गतीनं गादीवर बोटानं ठेका धरा, पंधरा सेकंदांत किती ठोके पडले ते मोजा, चारनं गुणा. दिवसा मूळ गाणं लावून पुन्हा मोजा. केली याकुबोव्स्की यांनी लंडनमध्ये केलेलं संशोधन 2015 मध्ये छापून आलं. त्यात लोकांच्या मनगटाला यंत्र बांधून डोक्यातल्या गाण्याचा ठेका नोंदवला होता, आणि तो मूळ गाण्याच्या लयीच्या बराच जवळ असतो असं दिसलं. कुठलंही वाद्य न शिकलेल्या माणसाच्या डोक्यात लय इतकी नेमकी बसलेली असते, हे स्वतः मोजून बघण्यात वेगळाच आनंद आहे. भजनांचं जरा वेगळं पडतं, कारण त्यांना एक ठरलेली लय नसते. तिथं कोणत्या मंडळाची लय डोक्यात आहे ते शोधा.

संध्याकाळची पाच मिनिटं

हे गाणं आलं कुठून, याचा शोध सकाळी घ्यायचा नाही. संध्याकाळी जेवणाआधी पाच मिनिटं काढा. व्हिक्टोरिया विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये लोकांनी कळवलेले असे शेकडो अनुभव तपासले. त्यांत मुख्य वाटा चार दिसल्या: नुकतं किंवा वारंवार ऐकलेलं असणं; एखादा माणूस, जागा किंवा शब्द आठवण जागवून जाणं; मनाची त्या वेळची अवस्था; आणि लक्ष कुठंच नसणं. माझ्या वहीत या चारच खुणा आहेत: ऐकलं, आठवलं, मन, रिकामं. पाचवी खूण प्रश्नचिन्हाची, आणि ती वापरायला लाजू नका.

पहिली वाट सोपी. काल घंटागाडी दारात दहा मिनिटं थांबली होती, आज तिचंच गाणं. दुसरी वाट शोधायला मजा येते. कालच्या कागदांत कुणाचं तरी नाव वाचलेलं असतं आणि ते नाव एका जुन्या गाण्यात असतं. गंगाखेडला जाताना एसटी गोदावरीच्या पुलावरून गेलेली असते आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या सहलीत म्हटलेलं गाणं येतं. ‘मन’ ही खूण जपून वापरा. पाऊस लांबला, सोयाबीन माना टाकायला लागलं, घरात सगळे गप्प आहेत, अशा दिवसांत गाणी बदलतात हे खरं. पण प्रत्येक गाण्याच्या मागं मनाचं दुखणं शोधत बसू नका, बहुतेक वेळा ती घंटागाडीच असते.

घरच्यांना विचारायला विसरू नका. ‘हे मी काल म्हणत होते का गं?’ असं लेकीला विचारलं, तर कधीकधी उत्तर मिळतं, ‘तू नाही, मी म्हणत होते.’

तारखेबरोबर तिथी लिहा

आपल्याकडं गाणी कॅलेंडरपेक्षा पंचांगावर जास्त चालतात. इंग्रजी तारीख लिहाच, पण शेजारी मराठी महिना आणि तिथीही लिहा. वर्षभरानं वही चाळाल तेव्हा तिथीनं लावलेल्या नोंदी सरळ रांगेत उभ्या राहतात.

नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर पायी जाणारे जथ्थे, संबळ-तुणतुण्यावरचा गोंधळ, आराध्यांची गाणी. कोजागिरीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत काकडा, आणि तो ऐन उठायच्या वेळेला, म्हणजे या महिन्यात ‘बाहेर’ची खूण जवळजवळ रोज पडणार. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची जत्रा भरते, तिथं लावणीचे फड लागतात. जत्रेहून आलेल्याच्या डोक्यात ढोलकी राहतेच. होळीला तांड्यातांड्यांवर लेंगी. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठी, तेव्हा भारुडं. मग लग्नसराई आणि तिची डीजेची गाणी, ज्यांचा फक्त दणका डोक्यात उरतो, शब्द नाही.

काही दिवस मात्र तारखेनंच चालतात. 14 एप्रिल आमच्या भागात एका दिवसाचा नसतो, आधीपासून आणि नंतरही कितीतरी दिवस भीमगीतं वाजत असतात. 14 जानेवारी म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव जोडलं तो नामविस्ताराचा दिवस, 1994 चा. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्या आठवड्यात शाळांत समूहगीतांचा सराव. ज्यांच्या घरात शाळेत जाणारं लेकरू आहे, त्यांच्या वहीत ती गाणी आधीच आठ-दहा दिवस येऊ लागतात, आणि तीही लेकराच्या चुकांसकट.

महिनाअखेरीस एकदा सगळ्या नोंदी वाचा. तक्ता-बिक्ता करायची गरज नाही. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या: ऐकल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी आलेल्यांना एक, आणि वर्षानुवर्षं कानावर न पडलेल्यांना दुसरी. दुसऱ्या रंगाच्या नोंदी थोड्या असतात. त्याच जपण्यासारख्या.

गाणं चिकटून बसलं तर

कधीकधी सकाळचं गाणं दुपारपर्यंत हलत नाही. त्याला हाकलायचा प्रयत्न केला की ते जास्त चिकटतं. एक उपाय म्हणजे ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट ऐकणं. अर्धवट तुकड्यावर अडकलेलं मन पुष्कळदा शेवट मिळाल्यावर सोडून देतं. दुसरा, शब्दांशी खेळणारं काहीतरी करणं. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं चालेल, पण फार सोपं नको आणि फार अवघडही नको, नाहीतर मन पुन्हा गाण्याकडं वळतं. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठात 2015 मध्ये च्युइंगम चघळूनही फरक पडतो असं आढळलं होतं. मनातल्या मनात गाताना जबड्याच्या हालचालीची तयारी चालू असते, ती चघळण्यात गुंतते.

एक गंभीर गोष्ट. डोक्यातलं गाणं ‘आत’ असतं, हे आपल्याला स्पष्ट कळत असतं. बाहेर कुणी लावलेलं नसताना ते खरोखर कानावर पडतंय असं वाटलं, किंवा एका कानात सतत शीळ-गुणगुण असली, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडं जा.

ओव्या आल्या तर

पन्नाशीच्या पुढच्यांच्या वहीत, आणि आजीजवळ वाढलेल्या कुणाच्याही, कधी ना कधी ओवी येते. जात्यावर दळताना पहाटे म्हटलेली. गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली, आणि ओव्यांचा रोजचा सराव तिथंच तुटला. त्यामुळं ओवी आली की ती नोंद दोन मिनिटांत उरकू नका. इथं मी सगळे नियम सैल करते.

ओवी सहसा तुटकी येते. माझ्याकडं एकदा अशी आली होती: ‘बंधू माझा येतो — — गोदाच्या काठाला’. आवाज म्हाताऱ्या बाईचा, जरा घोगरा, ओळीच्या शेवटी श्वास ओढलेला. पुढचं काही नाही. मी ती दिवसभर तोंडात घोळवत होते. दुपारी सासूबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

‘काय गुणगुणायलीस गं?’

‘कळंना आत्याबाई. सकाळपासून चालू आहे.’

मी ओळ म्हणून दाखवली. त्यांनी मान हलवली. ‘काठाला नाही, काठानं. काठाला गेला म्हंजी बुडाला की!’ आणि मग हात न थांबवता त्यांनी उरलेली ओळ म्हटली, तिला जोडून आणखी दोन म्हटल्या. मी वही आणायला उठले तसा त्यांचा हात थांबला, आणि त्या म्हणाल्या, ‘आता नाही येत.’

शेंगा पुन्हा हातात घेतल्यावर आली.

यातून घ्यायचं ते असं. जिनं ओव्या काम करताना म्हटल्या, तिला खुर्चीवर बसवून ‘आजी, ओवी म्हणा’ म्हटलं तर ती म्हणत नाही, आणि खरोखरच तिला आठवत नाही. तिच्या हाताला काम द्या. जातं खाली उतरवता आलं तर उत्तमच, मूठभर ज्वारी घालून फिरवा. नाहीतर शेंगा, निवडण, वाती, काहीही. दुसरं, ‘पुढं काय?’ असं विचारू नका. तुमच्या डोक्यात आलेली ओळ चुकांसकट तशीच म्हणा. चूक ऐकली की दुरुस्त करायला ती आपणहून पुढं येते. सकाळी जसं आलं तसं लिहिण्याचा इथं असाही उपयोग होतो. मोबाइलचं रेकॉर्डिंग आधीच सुरू करून, तिला सांगून, बाजूला ठेवा. लिहायला उठलात तर धागा तुटतो.

गी पॉयटवां आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव बायकांजवळ बसून ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. 1996 मध्ये माजलगावच्या भीमनगरात त्यांनी बायकांकडून बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. हा सगळा ठेवा पारी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येतो आहे. तुमच्या डोक्यात आलेल्या ओवीची एखादी बहीण तिथं सापडते का ते शोधून बघा. गावागणिक शब्द फिरलेले असतात, त्यामुळं हुबेहूब तीच सापडेल असं धरून चालू नका.

ओवीच्या नोंदीत नेहमीच्या गोष्टींशिवाय एवढं हवं: कुणी पुरी करून दिली, कोणतं काम करताना, आणि तिची दोन्ही गावं. नुसतं सासरचं गाव लिहून भागत नाही. मुलगी ओव्या शिकते माहेरी, आईच्या जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लावून, आणि लग्नानंतर त्या सोबत घेऊन जाते. सेलूला ऐकलेली ओवी मुळात परतूरची असू शकते, किंवा नदीपलीकडची. आईचं माहेर ठाऊक असेल तर तेही त्याच ओळीत लिहून टाका.